काळ्या जमिनीवर टर्फ विकेट: माती, हरळी, पाणी आणि रोलर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या बाहेरच्या अंगाला शाळेचं मैदान, जमीन काळी कापसाची, आजवर क्रिकेट मॅटवर. गेल्या वर्षी जून-जुलैत मैदानातलीच माती चाळून टर्फ विकेटची, म्हणजे गवताच्या खेळपट्टीची, एक पट्टी टाकली, वर हरळी लावली आणि ऑक्टोबरात रोलर फिरवला. पहिले दोन-तीन सामने बरे गेले. डिसेंबरात पट्टीच्या खापऱ्या सुटायला लागल्या. चेंडू एकदा छातीवर, एकदा घोट्यावर. आता तीन पट्ट्यांचा स्क्वेअर, म्हणजे मैदानाच्या मधला खेळपट्ट्यांचा चौकोन, नव्याने करायचा आहे. तीच माती चालेल का, किती लागेल, आणि पावसाळ्यात काम करून ऑक्टोबरात खेळता येईल का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी: नाही. पावसाळ्यात काळी माती भरणं म्हणजे चिखल भरणं. नागपुरात हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये खणून, एप्रिलमध्ये भरून, मेच्या मध्यापर्यंत हरळी लावून संपवायचं असतं. साधारण जूनच्या मध्याला पाऊस येतो. त्याआधी गवताला चार आठवडे मिळाले तर मुळं धरतात, नाहीतर पहिल्याच धुवांधार सरीत माती आणि काड्या सोबत वाहतात. असं केलं तर नोव्हेंबरअखेर एखादा सरावाचा सामना आणि जानेवारीपासून नियमित खेळ, इतकी अपेक्षा ठेवा.

आता खापऱ्यांचं. नवीन काम सुरू करण्याआधी जुन्या पट्टीचा एक तुकडा कापून बघा. स्टंपच्या मागे, जिथे खेळ होत नाही तिथे, धारदार फावड्याने सहा इंच खोल चौकोनी ढेकूळ काढा आणि हाताने उभं मोडा. बहुतेक तीन गोष्टी दिसतील. हरळीची मुळं इंच-दीड इंचावर थांबलेली असतील. मातीत आडव्या रेघा असतील, आणि ढेकूळ त्या रेघेवरच वहीच्या पानासारखं सुटेल. तिसरं, वरचा भाग दगडासारखा आणि खालची माती अजून ओलसर, बोटाने दबणारी.

या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. काळ्या मातीतलं पाणी वरून उन्हाने फक्त इंचभर सुकतं. वरचा इंच सुकला की तोच कवच बनतो आणि खालच्या ओलाव्याला बाहेर येऊ देत नाही. खोलवरचं पाणी बाहेर काढायचं एकच साधन आपल्याकडे आहे, ते म्हणजे हरळीचं मूळ. मूळ चार इंच गेलं असेल तर माती चार इंच सुकते, आकसते आणि एकसंध कडक होते. मूळ इंचावर थांबलं तर इंचभर जाडीची खापरी तयार होते आणि ती खालच्या मऊ थरावर तरंगते. चेंडू खापरीच्या मध्यावर पडला तर ती दबते आणि चेंडू खाली राहतो. कडेवर पडला तर उसळतो. विकेटवर गवत शोभेला ठेवतात असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात गवत हा आपला पंप आहे, आणि मातीतली सळईही तीच.

त्यामुळे पुढे जे काही लिहिलंय ते फिरून एकाच गोष्टीवर येतं: मूळ किती खोल न्यायचं आणि पाणी किती खोल सोडायचं, हे दोन्ही जुळलं पाहिजे. नागपूरकरांनी दोन्ही टोकं पाहिली आहेत. २००४ मध्ये सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीए (विदर्भ क्रिकेट असोसिएशन) मैदानावर विकेटवर भरपूर गवत होतं. ऑस्ट्रेलियाने ती कसोटी ३४२ धावांनी जिंकली. २०१५ मध्ये जामठ्याला, म्हणजे व्हीसीएच्या शहराबाहेरच्या नव्या मैदानावर, कोरड्या विकेटवर दक्षिण आफ्रिका ७९ धावांत बाद झाली, सामना तीन दिवसांत संपला आणि आयसीसीने विकेटला ‘निकृष्ट’ शेरा दिला. त्याच जामठ्यावर २०१७ मध्ये भारताने श्रीलंकेविरुद्ध ६ बाद ६१० वर डाव सोडला. मैदान तेच ठेवून गवत आणि ओलावा बदलला तर खेळ किती बदलतो, हे यावरून ध्यानात घ्या.

माती

मैदानातली काळी माती चालते का? चालू शकते, पण तपासल्याशिवाय नाही. वरचा नऊ इंचाचा थर तर मुळीच घेऊ नका. त्यात मुळं, कुजकं गवत आणि मोथा या तणाच्या गाठी असतात. मोथा एकदा विकेटमध्ये शिरला की खुरपं घेऊन जन्मभर मागे लागावं लागतं. नऊ इंचाखालची माती घ्या, पण तिथे आपल्याकडे हमखास चुनखडीचे खडे निघतात. ते सहा मिलिमीटरच्या चाळणीतून काढलेच पाहिजेत. विकेटमध्ये राहिलेला हरभऱ्याएवढा खडा रोलरखाली वर येतो आणि त्यावर पडलेला चेंडू कुठे जाईल हे देवच जाणे.

पहिली चाचणी बाटलीची. उभट पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर धुण्याचा सोडा. पाच मिनिटं जोरात हलवा आणि ठेवून द्या. मिनिटभरात जे बसतं ती रेती, दोन तासांत बसतो तो गाळ, आणि त्यानंतर दिवस-दोन दिवस जे सावकाश बसत राहतं ती चिकण. पट्टीने मोजा. चिकण ४५ ते ५५ टक्के आणि रेती २० टक्क्यांच्या आत असली तर पुढे जा. चिकण साठच्या वर गेली तर भेगा सांभाळणं अवघड. चाळीसच्या खाली असेल तर दुसऱ्या दिवशी धूळ.

दुसरी चाचणी ताकदीची. माती मळून दोन सेंटिमीटरच्या गोळ्या करा, सावलीत पाच-सहा दिवस वाळवा. गोळी दोन फळ्यांमध्ये धरून वजनकाट्यावर ठेवा आणि वरून हळूहळू भार द्या. कमीत कमी दहा गोळ्या फोडून सरासरी काढा. ४५ किलोच्या आत फुटणारी माती सामन्याच्या विकेटला कमकुवत. ७० च्या वर गेली तर उत्तम. आपल्या भागातली काळी माती या चाचणीत सहसा पास होते.

ती नापास होते ती तिसऱ्या चाचणीत. दहा इंच लांबीचा पाइप उभा चिरून अर्धा करा, आत तेल लावून मळलेली माती काठोकाठ भरा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. मातीची कांडी एक इंच किंवा जास्त आखडली तर त्या मातीच्या भेगांत बोट जाईल. अर्धा ते पाऊण इंच आखडणारी माती शोधा. नाही मिळाली तर कमी फुगणारी पिवळसर किंवा लालसर चिकण माती मिसळा. तीन भाग काळी आणि एक भाग पिवळी या प्रमाणापासून सुरुवात करून प्रत्येक मिश्रणाची कांडी आणि गोळी पुन्हा तपासा. मिश्रण दोन्ही माती कोरड्या आणि बारीक असतानाच करायचं, रोटाव्हेटरने तीन-चार वेळा उलटून. ओल्या ढेकळांचं मिश्रण होत नाही, फक्त काळे-पिवळे ठिपके होतात, आणि प्रत्येक ठिपका वेगळ्या वेगाने सुकतो.

भेगा कमी व्हाव्यात म्हणून रेती मिसळायचा सल्ला हमखास मिळेल. तो ऐकू नका. थोडी रेती काही करत नाही, आणि भेगा थांबवण्याइतकी घातली तर मातीची पकडच जाते. वीटभट्टीची मातीही नको, ती गाळवट असते आणि सुकली की भुगा होतो. भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलावांचा गाळ स्वस्तात मिळतो. शेतात तो जरूर टाका, पण त्यात कुजकट अंश भरपूर असल्याने विकेट कधीच नीट कडक होत नाही. आणि अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यातली माती कितीही चिकट दिसली तरी आणू नये. तिच्यातला क्षार पाण्यात चिकणमाती विस्कटून टाकतो, वर पापुद्रा धरतो आणि गवत जळतं.

किती माल लागेल

विकेट २२ यार्ड म्हणजे ६६ फूट लांब आणि १० फूट रुंद. पण बांधताना स्टंपच्या मागेही दोन्हीकडे सात-सात फूट हवेत, कारण गोलंदाज तिथून धावत येतो. म्हणून एक पट्टी ८० बाय १०, तीन पट्ट्या ८० बाय ३०, म्हणजे २४०० चौरस फूट. दबलेली माती आठ इंच हवी, म्हणजे १६०० घनफूट, १६ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). मोकळी माती दबताना चौथा हिस्सा किंवा थोडी जास्तच बसते, त्यामुळे २२ ब्रास धरा. शिवाय पुढच्या वर्षांच्या डागडुजीसाठी चार-पाच ब्रास त्याच मातीचे बाजूला ठेवा, शेडखाली, कोरडे, चाळलेले. हा साठा लोक वाचवतात आणि तिथेच फसतात. दोन वर्षांनी दुसरी माती आणून वर पसरली की तीच आडवी रेघ पुन्हा तयार होते, जिच्यावरून तुमच्या खापऱ्या सुटल्या.

मातीखाली सहा इंच कडक मुरूम आणि दोन इंच जाड रेती. दबलेला मुरूम १२ ब्रास म्हणजे मोकळा १५, आणि कन्हान नदीची जाड रेती ४ ब्रास. मुरूम-रेतीच्या गाडीबरोबर गौण खनिजाची पावती मागून घ्या, नाहीतर गाडी तहसीलच्या आवारात आणि तुम्ही मैदानावर.

खणणं आणि भरणं

दिशा उत्तर-दक्षिण ठेवा, म्हणजे संध्याकाळचं ऊन फलंदाजाच्या डोळ्यांत जाणार नाही. सोळा इंच खणा. तळाची काळी माती फुगणारी-आखडणारी आहे. तिच्यावर थेट विकेट बसवली तर पावसाळ्यात एक कोपरा वर येतो आणि उन्हाळ्यात खाली जातो. मुरुमाचा थर मुख्यतः त्यासाठी आहे. तीन-तीन इंचांचे दोन थर, पाणी मारून, धुम्मस (ठोकायचं जड ठोकणं) आणि रोलरने घट्ट, आणि त्यावर दोन इंच रेती. तळालाच लेव्हल ट्यूब लावून पातळी मिळवा. खालची चूक वर मातीने झाकली की मातीची जाडी जागोजाग बदलते आणि विकेट जागोजाग वेगळी सुकते.

अनेक जण तळाशी विटांचे तुकडे आणि गिट्टी टाकून ‘पाणी खाली जाईल’ म्हणतात. आठ इंच दाबलेल्या चिकणमातीतून पाणी खाली जातच नाही, किंवा इतकं हळू जातं की पावसाळ्यात त्याचा उपयोग नाही. पावसाचं पाणी वरूनच वाहून गेलं पाहिजे. म्हणून लांबीत विकेट सपाट, पण स्क्वेअरच्या मधली पट्टी सगळ्यात उंच आणि दोन्ही बाजूंना दर आठ फुटांना सुमारे एक इंच उतार. स्क्वेअरभोवती फूटभर रुंद चर खणून त्यात छिद्रांचा चार इंची पाइप आणि वर जाड रेती भरा, पाइपाचं तोंड मैदानाबाहेर सखल जागी काढा. बाहेरच्या काळ्या मातीतलं पाणी विकेटमध्ये शिरू नये म्हणूनही हा चर लागतो.

मग माती. इथे घाई केली की सगळं वाया. एका वेळी दोन इंच मोकळी माती पसरायची. ओलावा इतका की मूठ वळली तर गोळा व्हावा, पण हाताला चिकटू नये. आधी माणसांनी ओळीने टाचेने तुडवायची, म्हणजे ढेकळांमधली पोकळी जाते. नंतर अडीचशे-तीनशे किलोचा रोलर उभा, आडवा आणि तिरपा. थर बसला की गुळगुळीत पृष्ठभागावर पुढची माती टाकायची नाही. लोखंडी दताळ्याने अर्धा इंच ओरखडून घ्या, हलकं पाणी शिंपडा, मगच दुसरा थर. तुमच्या जुन्या पट्टीत हे राहिलं असावं. रोलरने चकचकीत झालेला थर खालून-वरून जोडला जात नाही, आणि मूळ त्या रेघेवर आलं की आडवं पसरतं.

असे पाच-सहा थर झाले की आठ इंचांवर याल. एप्रिलमध्ये नागपूरचं ऊन थर भरता-भरता सुकवतं, म्हणून सकाळी सहा ते दहा काम आणि नंतर ओल्या गोणपाटाने झाकून ठेवायचं. वरचा थर दहा फुटी सरळ पट्टी टेकवून तपासा. पट्टीखाली कुठेही पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको.

हरळी

बारीक पानाची, आखूड पेराची हरळी निवडा. रस्त्याकडेची रुंद पानाची नको. दोन-तीन पेरांच्या काड्या करून मुळांवरची माती पाण्यात पूर्ण धुवून टाका. दुसऱ्या जमिनीची माती विकेटमध्ये येणं इथूनच सुरू होतं, आणि मोथ्याच्या गाठीही याच वाटेने येतात. वरचा अर्धा इंच ओरखडून तीन इंच अंतरावर काड्या लावा, एक पेर मातीत आणि एक बाहेर. लावण्याआधी पट्टीला दोन किलो सिंगल सुपर फॉस्फेट. नंतर हलका रोलर एकदा, आणि पहिले दोन आठवडे दिवसातून तीनदा हलकं पाणी.

काड्या धरल्या की पाण्याची सवय उलटी करायची. रोज थोडं देण्याऐवजी तीन-चार दिवसांनी भरपूर. रोज वरचा इंच ओला मिळाला तर मूळ खाली जायचं कष्ट कशाला घेईल? तुमच्या पट्टीत मुळं उथळ राहिली त्याला जसा चकचकीत थर कारण, तसाच संध्याकाळी पाइप धरून रोज दहा मिनिटं मारलेलं पाणीही.

जुलै-ऑगस्टमध्ये महिन्यातून एकदा पट्टीला पाऊण किलो युरिया, पाऊस नसेल तर लगेच पाणी. सप्टेंबरच्या मध्यानंतर युरिया बंद आणि एकदा अर्धा किलो पोटॅश. आपल्या चुनखडीच्या जमिनीत हरळी पिवळी पडते आणि लोक आणखी युरिया टाकतात. ते बहुतेक वेळा लोह न मिळाल्याचं लक्षण असतं. लिटरला पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी फवारा, आठवड्यात रंग फिरतो. कापणी सुरुवातीला २५ मिलिमीटरवर, मग टप्प्याटप्प्याने १२ वर. एका कापणीत उंचीचा तिसरा हिस्साच काढायचा. कापलेलं गवत कधीही तिथे सोडू नका: ते कुजून वर थर धरतं, गांडुळं बोलावतं आणि चेंडूला गादी पुरवतं.

पावसाळ्यात ताडपत्री टाकून ठेवायचा मोह आवरा. दोन दिवस झाकलेली हरळी पिवळी, चार दिवसांत बुरशी. पाऊस पडू द्या, फक्त साचू देऊ नका. आणि कुंपण मजबूत ठेवा. ओल्या स्क्वेअरवरून एक म्हैस गेली की तिच्या खुरांचे खड्डे पुढच्या मोसमापर्यंत पुरतात.

रोलर

वजन घरच्या घरी काढता येतं. दोन फूट व्यासाचा, तीन फूट रुंद काँक्रीटचा भरीव रोलर साधारण ६४० किलो भरतो. तुमच्या स्क्वेअरला एक अडीचशेचा, एक सहाशेचा आणि शक्य असेल तर एक टनाचा, इतकं पुरे. वजन सारखं असेल तर मोठ्या व्यासाचा निवडा. लहान व्यासाचा रोलर ओली माती पुढे ढकलत लाटा उठवतो. रस्त्याचा आठ-दहा टनी रोलर फुकट मिळाला तरी स्क्वेअरवर आणू नका. बांधकामाचा कंपनाचा रोलर आणलाच तर कंपन बंद ठेवूनच.

पाऊस थांबल्यावर, साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून, हलक्या रोलरने सगळ्या स्क्वेअरवर उभं-आडवं फिरवायला सुरुवात करायची, आणि तीन आठवड्यांत वजन वाढवत न्यायचं. एका पट्टीला एकूण आठ-दहा तास लागतात. वेग अगदी हळू. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला दीड मिनिट. पळत ओढलेला रोलर फक्त गवत लोळवतो.

कधी फिरवायचा हे घड्याळापेक्षा मातीला विचारा. टाच जोरात दाबली तर खूण उमटावी, पण पाणी वर येऊ नये आणि रोलरला माती चिकटू नये. चिकटत असेल तर थांबा: ओल्यात फिरवलेला रोलर वरचा थर लिंपून टाकतो आणि कवचाची सुरुवात तिथेच होते. टाचेची खूणच उमटत नसेल तर फिरवून काही मिळत नाही, आणि वजन दुप्पट केलं तरी मिळत नाही.

सामन्याची तयारी

सामन्याच्या दहा दिवस आधी भिजवण. चार इंच खोल भिजवायला एका पट्टीला १२०० ते १५०० लिटर पाणी लागतं. ते एकदम ओतलं तर बाजूला वाहतं. झारीने किंवा बारीक फवाऱ्याने तीन-चार वेळा, मध्ये तासाभराची उसंत देऊन द्या. टाकीवर खूण करून मोजूनच द्या. दुसऱ्या दिवशी स्टंपमागे सायकलचा स्पोक खुपसा: चार इंचांपर्यंत सारख्या जोराने जायला हवा, नंतर अडायला हवा.

एक-दोन दिवस उघडी सुकू द्या, मग सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास सहाशे किलोचा रोलर, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून टनाचा. गवत दर दोन दिवसांनी थोडं-थोडं खाली: १२ वरून ८, ६ आणि शेवटी ४-५ मिलिमीटर. त्याच्याही खाली नेऊन टक्कल करू नका. मधल्या काळात तारेच्या दताळ्याने आडवं पडलेलं गवत उभं करून कापा, नाहीतर वरून आखूड दिसतं आणि खाली चटई असते. पृष्ठभाग फार लवकर पांढरा पडायला लागला तर फक्त ओलं गोणपाट ओढून घ्या, वरून पाणी मारू नका. शेवटच्या तीन दिवसांत तर पाण्याची झारी कुलपात ठेवलेली बरी. ‘जरा शिंपडून रोलर मारू’ यानेच सकाळच्या सत्रात चेंडू खड्डे पाडतो.

दहा दिवस हा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा हिशेब. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास किंवा खाली जातो, हरळी झोपते आणि पंप बंद पडतो. तेव्हा तयारीला तेरा-चौदा दिवस धरा आणि पाणी हजार लिटरवर आणा. रात्री दव पडतं, म्हणून झाकायचं, पण आधी कोरडं गोणपाट आणि त्यावर ताडपत्री. नुसती ताडपत्री टाकली तर तिच्या खालचा घाम विकेटवरच पडतो. ऊन वर यायच्या आत उघडा. मार्च-एप्रिलमध्ये उलट: सात-आठ दिवस पुरतात, रोलर पहाटे, आणि दुपारी अकरा ते चार गोणपाटाची सावली, कारण त्या उन्हात वरचा अर्धा इंच दोन तासांत कवच बनतो.

विकेट कशी झाली हे पाहायला १६ फुटांवरून चेंडू नुसता सोडा आणि उसळी मोजा. ३० इंचांच्या वर गेला तर फारच वेगवान, २० ते २५ चांगली, १५ च्या खाली संथ. शाळेच्या सामन्यांना वीस पुरे. आकड्याहून जास्त बघायचं ते हे की दहा ठिकाणी टाकून आकडा किती बदलतो. दोन-तीन इंचांपेक्षा जास्त फरक पडत असेल तर कुठेतरी ओलावा किंवा जाडी वेगळी आहे.

भेगांना घाबरू नका. काळ्या मातीत बारीक जाळी येणारच, आणि कडा घट्ट असतील तर चेंडूला त्याचा पत्ता लागत नाही. भेगेच्या कडेला अंगठा दाबून बघा. तुकडा हलला तर मात्र ती पट्टी त्या सामन्याला देऊ नका.

सामन्यानंतर

त्याच संध्याकाळी झाडून मोकळी माती बाहेर काढा आणि भरपूर पाणी द्या; विकेट तशीच उन्हात सोडली की आधीच थकलेलं गवत मरतं. गोलंदाजाच्या पायाचे खड्डे नुसते बुजवायचे नसतात. कडा उभ्या कापा, दोन-तीन इंच खोल मोकळं करा, तळ ओरखडून ओला करा आणि साठ्यातली माती इंच-इंच भरून धुम्मसने ठोका. वर हरळीच्या धुतलेल्या काड्या. दोन दिवसांच्या सामन्यात रात्री भरायचं असेल तर आधीच मळून ओल्या फडक्यात ठेवलेली माती वापरा. दुसऱ्या दिवशी खेळाआधी रोलर जास्तीत जास्त सात मिनिटं, तेही फलंदाजी करणाऱ्या संघाच्या कर्णधाराने मागितला तर.

एका पट्टीला सामन्यानंतर तीन-चार आठवडे विसावा हवा, थंडीत त्याहून जास्त. तीन पट्ट्यांत त्यामुळे महिन्याला तीन सामने बसतात, पाच नाही. क्रीडाशिक्षकांचा आग्रह कितीही असला तरी सरावाचं नेट स्क्वेअरवर लावू देऊ नका.

शेणकाला, फेव्हिकॉल, सिमेंट: हे सगळे उपाय कोणी ना कोणी सुचवेलच. शेणाची कातडी सकाळी छान दिसते आणि दुपारी सोलून निघते, शिवाय कुजकट अंश मातीत जातो. सिमेंट घातलेला भाग पुढे खणूनच काढावा लागतो.

राहिली गेल्या वर्षीची पट्टी. तिला नव्या स्क्वेअरमध्ये सामावून घेऊ नका. तिच्यातल्या रेघा वरून कितीही दुरुस्ती केली तरी जात नाहीत. ती स्क्वेअरपासून लांब असेल तर तशीच ठेवून नेटसाठी वापरा: काट्याने दर सहा इंचांवर चार इंच खोल छिद्रं पाडा, त्याच मातीची कोरडी भुकटी झाडून छिद्रांत भरा आणि पावसाळाभर हरळी वाढू द्या. मुळं त्या छिद्रांतून रेघा ओलांडतात, आणि सरावापुरती ती पट्टी धरून राहते. ती नव्या स्क्वेअरच्या जागेवरच असेल तर फेब्रुवारीत तिची माती पूर्ण काढा, वाळवा, फोडा, चाळा आणि तिन्ही चाचण्या लावा. पास झाली तर तेवढी माती विकत आणायची वाचली.